खुर्चीतून स्वतः उठता यावं म्हणून: ज्येष्ठांची घरच्या घरी फिजिओथेरपी

पहिल्या भेटीत मी पेशंटला लगेच आडवं करून तपासत नाही. "रोज जिथे बसता तिथे बसा आणि एकदा उठून दाखवा," एवढंच म्हणते. मागच्या वर्षी अशाच एका घरी गेले होते. आजी ८१ वर्षांच्या. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन होऊन सात आठवडे झालेले. त्या सोफ्यात रुतून बसल्या होत्या, गुडघे खुब्यापेक्षा वर. त्यांनी दोन्ही हातांनी गादी दाबली, एक झोका घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्या झोक्याला मुलगा धावत आला आणि काखेत हात घालून त्याने त्यांना उभं केलं. "आम्ही असंच उठवतो तिला, दिवसातून दहा वेळा," तो म्हणाला.

त्याच्या मायेत काही कमी नव्हतं. पण त्या दहा सेकंदांत मला बरंच काही कळलं. बैठक खोल, पाय फार पुढे, पाठ मागे रेललेली, आणि मांड्यांनी जोर लावायच्या आतच कुणीतरी उचलतंय. सात आठवडे त्या मांड्यांना कामच मिळालं नव्हतं.

गेली २१ वर्षं मी घरोघरी जाऊन ज्येष्ठांना व्यायाम शिकवते. गुडघे, खुबे, पक्षाघात, पार्किन्सन, आजारपणानंतरचा नुसता अशक्तपणा, सगळं बघते. दुखणं कुठलंही असो, माझं निम्मं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: यांना कुणाला हाक न मारता खुर्चीतून उठता येतंय का? ते जमलं की रात्री बाथरूमला जाता येतं, बेल वाजली तर दार उघडता येतं, पंखा आपला आपण बंद करता येतो. नाही जमलं की सगळा दिवस दुसऱ्याच्या सवडीने काढावा लागतो. त्याचं दुःख म्हातारी माणसं बोलून दाखवत नाहीत. पाणी कमी प्यायला लागतात, म्हणजे बाथरूमला जायला नको. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता पहिल्याच दिवशी विचारते, "दिवसभरात पाणी किती पिता?"

ताकद जाते कशी आणि परत येते कशी

"वय झालं, आता काय ताकद येणार," हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक घरी ऐकायला मिळतं. ते खरं नाही, आणि हे मी धीर द्यायला म्हणून सांगत नाही. १९९० मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्ध-सेवा संस्थेत डॉ. मारिया फियाटारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त लोकांकडून आठ आठवडे मांड्यांचा व्यायाम करून घेतला, तोही चांगलं वजन लावून. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायूसुद्धा कामाला लावला तर वाढतो.

उलटही तितकंच खरं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, तेवढ्यात पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू गेले. धडधाकट माणसांचे, फक्त दहा दिवसांत! म्हणून ताप येऊन गेला, हॉस्पिटलात आठवडा काढला, की "आता महिनाभर आराम करा" असं घरच्यांनी आपल्या मनाने ठरवू नये. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: उठून बसवायचं कधी, उभं करायचं कधी, पायावर भार किती द्यायचा? ही तीन उत्तरं कागदावर लिहून घ्या. मी घरी आले की सगळ्यात आधी तो कागद मागते.

घरी व्यायाम केल्याने पडणं कमी होतं, याचा चांगला पुरावा न्यूझीलंडमधून आला. १९९० च्या दशकात ओटागो विद्यापीठात एक कार्यक्रम तयार झाला. पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम, आठवड्यातून तीन वेळा सुमारे अर्धा तास, सोबत आठवड्यातून दोनदा चालणं, आणि शिकवणारी व्यक्ती घरी येणार. त्याच्या चार अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही याच वाटेने जातात: ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हीचा व्यायाम करावा.

घरी करण्याचा फायदा मला रोज डोळ्यांनी दिसतो. क्लिनिकमधली खुर्ची योग्य उंचीची असते, फरशी सपाट असते, उजेड भरपूर असतो. माणूस पडतो तो मात्र स्वतःच्या बाथरूमच्या उंबऱ्याशी, स्वतःच्या पलंगाच्या कडेला, रात्री दोन वाजता. मग सराव तिथेच व्हायला हवा. त्या आजींना मी जिन्याचा व्यायाम पहिले तीन आठवडे दिलाच नाही, कारण त्यांच्या घरात जिना नव्हता. बाथरूमच्या दाराशी चार बोटं उंच उंबरा होता. तोच आमचा जिना.

सुरुवात करण्याआधी मोजून घ्या

दोन चाचण्या घरी करता येतात. करताना शेजारी एक माणूस हवाच.

पहिली, तीस सेकंदांची उठबस. हातांची नसलेली, साधारण ४३ सेंटीमीटर म्हणजे १७ इंच उंच बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. चाकांची किंवा फोल्डिंगची खुर्ची घेऊ नका. दोन्ही हात छातीवर घडी घालून पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा होतं ते मोजा. हात टेकवावा लागला तर आकडा शून्य धरतात. सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या बाईंचा आकडा १० च्या खाली असेल, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. पुरुषांसाठी ही रेषा सत्तर ते चौऱ्याहत्तरपर्यंत १२ आणि पुढे एकोणऐंशीपर्यंत ११. ऐंशी ते चौऱ्याऐंशी वयात बायकांसाठी ९ आणि पुरुषांसाठी १०.

दुसरी चाचणी चालण्याची. खुर्चीपासून तीन मीटरवर फरशीला चिकटपट्टी लावा. उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी वापरत असतील तर काठी घेऊनच. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर तोलाकडे लक्ष द्यायला हवं. माझी नजर घड्याळापेक्षा वळण्यावर असते. तरुण माणूस दोन-तीन पावलांत वळतो. ज्यांचा तोल डळमळीत आहे ते सात-आठ बारीक पावलं टाकत वळतात, आणि तिथेच पाय पायात अडकतो.

आजींचा पहिल्या दिवसाचा आकडा शून्य. मी वहीत शून्य लिहिला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आजी, हा आकडा जपून ठेवू. पुढे तुम्हालाच बघायला बरं वाटेल."

आणखी एक मोजणी फार घरांत राहून जाते. आडवं असताना रक्तदाब घ्या, उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना येणाऱ्या चक्करेचं कारण तिथे असू शकतं. डॉक्टरांना सांगा, औषधांची यादी दाखवा. रक्तदाबाच्या, झोपेच्या गोळ्यांचा तोलाशी जवळचा संबंध असतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

उठबस: हा एक व्यायाम नीट शिका

बाकी काही जमलं नाही तरी हा जमवा. मी पहिला अख्खा तास यातच घालवते.

खुर्ची आधी उंच करा. आजींसाठी आम्ही हातांची लाकडी खुर्ची घेतली आणि बैठकीवर दोन ब्लँकेटं घट्ट घडी करून ठेवली. मऊ उशी नको, ती दबते आणि माणूस पुन्हा खोल जातो. सोफा त्या दिवसापासून बंद. ज्यांचा खुबा बदललाय त्यांना बऱ्याचदा खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायला मनाई असते, त्यांना तर खोल सोफा मुळीच चालत नाही.

आता बसल्या जागेवरून पुढे सरका, बैठकीच्या निम्म्यापर्यंत. पावलं मागे घ्या, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे आल्या पाहिजेत. निम्मे लोक इथेच चुकतात. पाय पुढे ठेवून उठायला गेलं की शरीर मागे ओढलं जातं, मग झोके सुरू होतात. पावलांत वीतभर अंतर ठेवा. मग छाती पुढे न्या, इतकी की नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल. इथे म्हातारी माणसं घाबरतात, पुढे तोंडावर पडू असं वाटतं. मी त्यांच्या समोर, जरा बाजूला स्टुलावर बसते आणि म्हणते, "माझ्याकडे वाकून काहीतरी सांगायला या." शरीर आपोआप पुढे येतं. वजन पावलांवर आलं की बूड हलकं होतं, हे त्यांना स्वतःला जाणवतं आणि डोळे मोठे होतात. मग टाचांनी जमीन दाबा आणि उभं राहा. उठताना श्वास सोडा. श्वास रोखून जोर लावला तर रक्तदाब एकदम चढतो, म्हणून मी मोठ्याने आकडे म्हणायला लावते. बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही.

उभं राहिल्यावर दोन श्वास थांबा. मग बसा, आणि खरं काम या बसण्यात आहे. एक, दोन, तीन, चार असं म्हणत हळूहळू खाली या. मांडीचा मागचा भाग खुर्चीला लागला याची खात्री करून मगच. शेवटच्या चार इंचांत अंग टाकून देण्याची सवय सगळ्यांनाच असते. हाडं ठिसूळ असतील तर असं धप्पकन बसण्यानेही मणका चेपू शकतो. शिवाय उतरताना मांडीचे स्नायू वजन पेलतात, ती ताकद फुकट जाते.

सुरुवातीला दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवा. पाच वेळा सकाळी, पाच वेळा संध्याकाळी. ते सोपं वाटलं की एक हात खुर्चीवर, एक मांडीवर. मग दोन्ही मांड्यांवर. मग छातीवर घडी. हे जमलं की एक ब्लँकेट काढा आणि परत हातांपासून सुरू करा. किती दिवसांनी पुढे जायचं? सलग दोन दिवस दहा वेळा नीट झालं, शेवटचे दोन जड गेले पण चुकले नाहीत, की जा पुढे. दहाच्या दहा गप्पा मारत होत असतील तर तो व्यायाम राहिलाच नाही.

आजींना दोन्ही हात सोडायला पाच आठवडे लागले. सहाव्या आठवड्यात एक ब्लँकेट निघालं. मध्ये एक आठवडा सर्दी-तापात गेला आणि त्या दोन पायऱ्या मागे आल्या, तेव्हा फार निराश झाल्या होत्या. मी वही उघडून शून्याचं पान दाखवलं.

बाकीचे व्यायाम

सकाळी पलंगावरच: घोटे वर-खाली वीस वेळा, गुडघे दुमडून कंबर उचलणं दहा वेळा, मग कुशीवर वळून पाय खाली सोडून बसणं. उठण्याआधी मिनिटभर तसंच बसायचं.

स्वयंपाकाच्या ओट्यासमोर उभं राहून: दोन्ही हात ओट्यावर ठेवून टाचा उचलणं, मग चवडे उचलणं, एक पाय बाजूला नेऊन आणणं, आणि ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं चालणं. आडवं चालणं कुणाला व्यायाम वाटत नाही, पण तोल बाजूला जातो तेव्हा सावरणारे खुब्याचे स्नायू यातच तयार होतात. ओटा मला आवडतो कारण तो हलत नाही. टेबल सरकतं, खुर्ची कलंडते.

बसून मांडीसाठी: पाय सरळ करून पाच सेकंद धरा, हळू सोडा. गुडघेदुखीवाल्यांना मी यानेच सुरुवात करून देते. एक काकू मला म्हणाल्या होत्या, "गुडघा आधीच झिजलाय, चालले तर अजून झिजेल." या समजुतीपायी त्या दोन वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या. गुडघ्याच्या संधिवातात योग्य मापाचा व्यायाम हा मुख्य उपचारांपैकी एक आहे. मांडी बळकट झाली की सांध्याला आधार मिळतो आणि दुखणंही कमी होतं. दुखण्याचं माप मी असं देते: व्यायाम करताना थोडं दुखलं आणि थोड्या वेळात नेहमीच्या पातळीला आलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही गुडघा जास्त दुखत असेल किंवा सुजला असेल, तर आकडा निम्मा करा, व्यायाम बंद करू नका. मांड्या-पोटऱ्या एक-दोन दिवस भरून आल्यासारख्या दुखणं ही नव्या कामाची खूण आहे, तिला घाबरू नका.

तोल

खोलीच्या कोपऱ्यात उभं राहा, पाठीमागे दोन भिंती, समोर जड खुर्ची. पावलं एकमेकांना चिकटवून दहा सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढे. मग एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, एका रेषेत. मग एका पायावर. तिसरी पायरी दहा सेकंद टिकत नसेल तर पडण्याचा धोका आहे असं धरतात आणि तिथेच सराव करायचा. हात खुर्चीच्या वर तरंगते ठेवा, लागलं की धरता यायला हवं. डोळे मिटून करण्याचे प्रकार फिजिओ समोर असल्याशिवाय करू नका.

पार्किन्सनच्या एका आजोबांचे पाय दाराच्या चौकटीत जणू फरशीला चिकटायचे. शरीर पुढे, पाय जागच्या जागी. आम्ही दारातून आत-बाहेर, एकेका पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. "पट्टी ओलांडा" म्हटलं की पाय सुटायचा. "चला, चला" म्हणून मागून ढकललं तर अजून घट्ट व्हायचा. घरच्यांनी घाई करणं थांबवलं आणि पट्ट्या तशाच राहू दिल्या. पाहुण्यांना त्या खटकल्या तरी काढू नका, असं मी बजावून सांगितलं होतं.

काठी आणि वॉकर

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. दहांतल्या सात घरांत मला उलटं दिसतं. उंची अशी बघा: चपला-बूट घालून सरळ उभं राहिलं, हात खाली सोडला, की काठीची मूठ मनगटाच्या सुरकुतीपाशी आली पाहिजे. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर बदला. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय आणि काठी. खुर्चीतून उठताना वॉकर धरून स्वतःला ओढू नका, तो अंगावर येतो. खुर्चीचे हात दाबून उठा, मग वॉकर धरा.

घरातली सैल पायपुसणी, वाटेत आलेल्या वायरी आणि मोठ्या मापाच्या सपाता पहिल्याच दिवशी बाजूला करा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलण्यासाठी नसते.

जमिनीवरून उठणं

हे शिकवायला घरचे तयार नसतात. "पडूच द्यायचं नाही, मग कशाला?" मला हा प्रश्न समजतो, पण उत्तर ठाम आहे. जो माणूस जमिनीवरून उठू शकतो त्याची पडण्याची भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की तो हालचाल करतो. भीतीपोटी बसून राहिलेल्याचे पाय अजून कमजोर होतात आणि मग तो खरंच पडतो. खुबा किंवा गुडघा बदललेला असेल, मणक्याला इजा असेल तर मात्र फिजिओने परवानगी दिल्याशिवाय हा सराव नको.

जाड गादी किंवा सतरंजी अंथरा, शेजारी जड खुर्ची ठेवा. कुशीवर वळा. कोपरावर या, मग हातावर. दोन्ही हात-गुडघ्यांवर, रांगणाऱ्या बाळासारखं. खुर्चीपर्यंत रांगत जा, दोन्ही हात बैठकीवर ठेवा. चांगला पाय पुढे घेऊन पाऊल जमिनीवर टेकवा. हातांनी आणि त्या पायाने जोर लावून उठा, आणि वळून खुर्चीवर बसा. लगेच चालायला लागू नका. गुडघे टेकवणं सहन होत नसेल तर खाली उशी घ्या.

कुणी खरंच पडलं तर पहिलं मिनिट काही करू नका, त्यांना उचलूही नका. नाव घेऊन बोला, कुठे दुखतंय विचारा. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलंय, खुब्यात कळ येतेय, डोक्याला मार लागलाय, तर हलवू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांसाठी

काखेत हात घालून उचलू नका. पक्षाघात झालेल्या बाजूचा हात धरून तर कधीच ओढू नका. खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा सरकतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने छळतं. कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहा. एक हात कमरेच्या मागे, दुसरा खांद्यापुढे, न टेकवता. कमरेला रुंद पट्टा बांधला तर धरायला सोपं जातं.

आणि मनात दहा मोजा. आजींच्या मुलाला मी एवढंच शिकवलं. आई उठायला लागली की तो खुर्चीशेजारी यायचा, हात मागे बांधायचा आणि ओठ हलवत दहा मोजायचा. पहिले काही दिवस सहा-सातवरच त्याचा धीर सुटायचा. तिसऱ्या आठवड्यात आजी त्याच्या आठच्या आकड्याला उभ्या राहिल्या. तो काही बोलला नाही, आत जाऊन पाणी घेऊन आला.

फिजिओ निवडताना

पहिल्या भेटीत त्यांनी उभं करून, चालवून बघितलं का? बाथरूम बघितलं का? व्यायाम लिहून दिले का, आणि दर आठवड्याला त्यात बदल होतो का? कुणी येऊन अर्धा तास शेक आणि मशीन लावून निघून जात असेल, तर नम्रपणे विचारा की ताकदीचा व्यायाम कधी सुरू करणार. शेकाने बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही, पण मांडीला त्याने बळ येत नाही. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओच्या दोन तासांपेक्षा उरलेले पाच दिवस जास्त महत्त्वाचे असतात. ते पाच दिवस कोण करून घेणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

छातीत दुखणं, बोलताही येऊ नये इतकी धाप, डोळ्यांपुढे अंधारी: व्यायाम थांबवा, बसवा, बरं वाटेना तर लगेच मदत बोलवा. तोंड वाकडं होणं, एका हातातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं: वाट बघू नका, तडक हॉस्पिटल. एकच पोटरी सुजली, गरम लागतेय, दुखतेय, विशेषतः ऑपरेशननंतर: चोळू नका, त्याच दिवशी दाखवा, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दोन्ही पाय अचानक बधिर होऊन लघवीवरचा ताबा गेला तर तीही तातडीचीच गोष्ट.

वही

दोनशे पानी, ठळक रेघांची वही घ्या. तारीख, उठबशीचा आकडा, हात कुठे होते, ब्लँकेटं किती, आणि आज काय नवं केलं, एवढंच एका ओळीत. शक्यतो पेशंटने स्वतः लिहावं. आजींच्या वहीत चौदाव्या आठवड्यातली एक ओळ त्यांच्या थरथरत्या अक्षरात आहे: "आज ७. हात छातीवर. ब्लँकेट नाही. रात्री कुणाला उठवलं नाही."

सात हा आकडा त्यांच्या वयाच्या रेषेच्या खालीच होता, म्हणून आम्ही थांबलो नाही. माझ्या भेटी आठवड्यातून दोनाच्या एक झाल्या, मग पंधरा दिवसांतून एक. शेवटच्या नियमित भेटीला मी कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने एक कागद चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरात पाच व्यायाम, माझा फोन नंबर आणि एक सूचना: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तीस सेकंद मोजायचे, आणि आकडा मागच्या महिन्यापेक्षा दोनने घसरला तर पुढच्या रविवारची वाट न बघता फोन करायचा.